एकोणिसाव्या पेटीतला ठोकळा

१

मंगळवारी सकाळी एकोणिसावी पेटी उघडली, तर आत दगडाच्या जागी लाकडाचा ठोकळा.

आम्ही चौघं वाकून बघत होतो. संस्थेचे संचालक, गोदाम सांभाळणारे भाऊ, जिच्या प्रबंधासाठी पेटी उघडली ती मुंगी, आणि मी. मुंगी हे नाव आमच्या सरांनी, संस्थेतल्या जुन्या भूशास्त्रज्ञांनी ठेवलेलं. स्वतःच्या वजनाहून जास्त दगड पाठीवर घेऊन टेकडी उतरते म्हणून. मी इथे चौतीस वर्षं दगड कापते. भूशास्त्रज्ञ दगड आणून देतात, मी ते करवतीवर चिरते, घासते, काचेवर चिकटवून इतके पातळ करते की पलीकडचं अक्षर वाचता यावं. माझं तोंड फटकळ आहे हे मान्य, पण हात नाही. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक दगड चुकलेला नाही, आणि हे मी कोणी न विचारताही सांगते.

"दगड कुठाय?" संचालकांनी विचारलं.

भाऊंनी उगाच पेटीवरची धूळ पुसली.

कुठला दगड ते सांगते. एकतीस वर्षांपूर्वी सरांनी जमिनीत खोल भोक पाडून गाळाच्या खडकाची लांबच लांब कांडी बाहेर काढली. दीड अब्ज वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, त्याच्या तळाशी थरावर थर बसून झालेला हा खडक. त्या कांडीचे तुकडे लाकडी पेट्यांत ओळीने ठेवलेत, वरचे आधी, खालचे नंतर. एकोणिसाव्या पेटीत वीतभर लांबीचा एक तुकडा होता. त्यात काळ्या चिखलाच्या थराला भेगा पडलेल्या आणि भेगांत पांढरी वाळू. आता भेग वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर सरळ आहे: समुद्र आटला, चिखल उन्हात तडकला, वरून वाळू आत पडली. पण सरांच्या दगडात भेगा खाली रुंद आणि वर निमुळत्या होत्या. म्हणजे वाळू खालून दाबाने वर घुसली. म्हणजे ऊन नाही, तडकणं नाही, तो समुद्र कधी आटलाच नाही. या वीतभर तुकड्यावर सरांनी अख्खा समुद्र उभा केला आणि पुढची तीस वर्षं तो पुस्तकांत राहिला.

सर तीन आठवड्यांपूर्वी गेले. आणि मुंगीचा प्रबंध म्हणत होता की तो दगड पेटीत उलटा ठेवलाय.

संचालकांनी गोदामाची वही उघडून तिच्यापुढे धरली. "या पेटीसाठी शेवटची सही तुझी आहे. चार महिन्यांपूर्वीची. त्यानंतर कोणाची नाही."

"मी बघून परत ठेवला होता, सर," मुंगी म्हणाली. "भाऊंच्या समोर."

"ठेवला होतास, मग पाय फुटले का त्याला? शुक्रवारी परीक्षक येतायत. दगड हातात घेतला असता तर दोन मिनिटांत तू खोटी पडली असतीस, म्हणून तो गायब झाला. शुक्रवारी सकाळपर्यंत दगड जागेवर नसेल तर तुझा प्रबंध गेला. आणि संस्थेतून चोरी केल्याची तक्रार वर जाईल, ती वेगळी. मग कुठल्याही संस्थेचं दार तुला उघडणार नाही."

ते तरातरा निघून गेले. मुंगी पेटीकडे बघत उभी राहिली. सहा वर्षं घातली होती पोरीने त्या प्रबंधात.

मी पेटीतला ठोकळा उचलला आणि एप्रनच्या खिशात टाकला. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

२

तिला मी माझ्या खोलीत नेलं. करवत बंद केली, चहा केला, आणि विचारलं, "नेलास का?"

"काकू!"

"विचारायला नको? नेला असशील तर आत्ता सांग, मी गुपचूप परत ठेवते. नंतर सांगितलंस तर पहिली थोबाडीत मी देईन."

"नाही नेला." तिने डोळे पुसले. "तो दगड मिळाला तरच मी वाचणार आहे. शेजारी दोन भोकं पाडली आम्ही. दोन्हींत त्याच खोलीवर समुद्र आटलेला दिसतो. मग मधल्याच भोकात कसा नाही आटला? एकच उत्तर आहे. बाण उलटा आहे."

माझं टाळकंच सरकलं. "बाण उलटा म्हणजे? तो दगड या करवतीवर कापलाय. खाच मी पाडलीय!"

ही खाच काय प्रकरण आहे ते समजून घ्या, पुढे लागेल. कांडी जमिनीतून निघते तिथेच तिच्यावर रंगाने बाण काढतात, वरचं टोक कुठलं ते कळायला. एकदा ते विसरलं की दगड सांगत नाही. या तुकड्याची तर दोन्ही टोकं घासून गोल झालेली, शेजारच्या तुकड्यांशी जुळवायची सोय नाही. आणि माझ्या करवतीवर तेलपाणी धो धो पडतं, त्यात रंग निघून जातो. म्हणून कापण्याआधी वरच्या टोकाच्या कडेला एक बारीक खाच पाडायची. कापून झालं की खाच बघून नवा बाण काढायचा. सगळे डाव्या कडेला पाडतात. मी डावखुरी, माझी उजव्या कडेला पडते.

सरांची यात एक रीत होती. दगड आणला की वरच्या टोकावर बोट टेकवून उभे राहायचे. मी खाच पाडली की मगच बोट उचलायचे. मी म्हणायचे, "सर, एक दिवस बोट जाईल." ते म्हणायचे, "जाऊ दे. तुम्ही कापलेलं आहे म्हणून काचेवर चिकटवून ठेवू."

"तुमच्याबद्दल नाही म्हणत मी, काकू," मुंगी घाईघाईने म्हणाली. "तुम्ही खाच बाण बघूनच पाडणार ना? पहिला बाणच जागेवर उलटा निघाला असेल. पावसात, चिखलात, घाईत. तो सरांनी काढला होता."

"हे तू सरांना सांगितलंस?"

"चार महिन्यांपूर्वी. घरी जाऊन. वाटलं, हाकलून देतील." ती कपाकडे बघत राहिली. "रागावले नाहीत. मग म्हणाले, मला जुनी वही बघू दे. त्यानंतर त्यांनी मला कधी बोलावलंच नाही. मग आजारीच पडले."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. म्हातारपणी माणसाला हे ऐकावं लागावं. पण पोरीच्या बोलण्यात खोट नव्हती, ते कान ओळखतात.

मग दगड नेला कोणी?

३

माझा पहिला संशय संचालकांवर. ते आज साहेब असले तरी माझ्यासाठी लंबूच. सरांचा विद्यार्थी असताना एकदा हौसेने स्वतः दगड कापायला बसला आणि माझं नवं पातं मोडून ठेवलं. त्याची सगळी पुस्तकं सरांच्या समुद्रावर उभी. समुद्र आटला तर याची खुर्चीही कोरडी पडणार. शिवाय गोदामाची दुसरी किल्ली याच्याकडे.

बुधवारी सकाळी मी त्याच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. "साहेब, दगड तुम्ही हलवलात का?"

कोणी दुसरं असतं तर मला बाहेर काढलं असतं. तो माझ्याकडे बघत राहिला. "बाई, मला तो दगड पाहिजे. तुम्हाला कळतंय का? तो दगड टेबलावर असता तर मी शुक्रवारी सगळ्यांसमोर सिद्ध केलं असतं की सर बरोबर होते. त्यांना जाऊन महिना झाला नाही आणि ही मुलगी त्यांचं आयुष्य पुसायला निघालीय." त्याचा आवाज फुटला. "मला त्यांनी काय काय शिकवलंय. मला नीट रडायलासुद्धा वेळ मिळाला नाही हो."

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी त्याला पाण्याचा ग्लास दिला आणि बाहेर आले. ज्याला दगडावर इतका विश्वास आहे तो दगड लपवत नाही. लंबू यादीतून गेला.

राहिले भाऊ. भाऊ गोदामाच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचतात, पण त्यांना चुकवून झुरळही आत जात नाही.

"भाऊ, मुंगी येऊन गेल्यावर एकोणिसाव्या पेटीपाशी कोण गेलं होतं?"

"कोणी नाही, ताई."

"नीट आठवा."

"आठवायचं काय त्यात? कोणी नाही म्हणजे नाही. वही बघा ना."

मी माझ्या खोलीत परतले, खिशातला ठोकळा काढून टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा नीट बघितला. कालपासून सगळे नसलेला दगड शोधत होते. असलेल्या लाकडाकडे कोणी बघितलंच नव्हतं.

चोर जागा भरत बसतो का? दगड काढला की पेटीत मोकळी जागा होते, बाकीचे तुकडे सरकतात, पुढेमागे होतात, आणि मग कुठला कुठून निघाला ते कळत नाही. म्हणून काढलेल्या तुकड्याच्या जागी तेवढ्याच लांबीचं काहीतरी बसवायचं असतं. हल्लीची मुलं थर्माकोल कोंबतात. लंबू तर नुसती चिठ्ठी ठेवतो, आणि त्यावरून माझं आणि त्याचं दहादा वाजलंय. लाकूड मापून, कापून, घट्ट बसवणारी माणसं जुनी. आमच्या वेळचे असे तिघे. एक परदेशी मुलाकडे राहतो. एक मी.

ठोकळा साध्या फळीचाही नव्हता. अंडाकृती होता, एका बाजूने हाताच्या घामाने काळपट, गुळगुळीत झालेला.

मी परत गोदामात गेले. "भाऊ, सर आले होते का?"

"आले होते की. दोन महिन्यांपूर्वी. काठी टेकत, एकटेच. अर्धा तास होते आत."

"अहो, मग मला कोणी नाही म्हणून काय सांगताय?"

भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. "ताई, सर म्हणजे कोणी आहेत का?" ते म्हणाले. "त्यांना काय मी सही मागणार?"

४

सरांच्या घरी मी दुपारी गेले. दार वहिनींनी उघडलं. सरांच्या मागे त्या एकदम लहान दिसायला लागल्या होत्या. बैठकीत सगळं तसंच होतं, खुर्चीवर त्यांचं स्वेटर, खिडकीत दगडांची रांग, आणि टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं हातोडीचं डोकं.

नुसतं डोकं. दांडा वितीपेक्षा कमी, खाली करवतीने कापलेला.

ती हातोडी मी चौतीस वर्षं बघितलीय. सर बाहेरगावी जाताना चष्मा विसरायचे, हातोडी नाही.

"वहिनी, सरांनी दोन महिन्यांपूर्वी गोदामातून एक दगड आणला होता का?"

"दगड?" त्या हसल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "घरभर दगडच आहेत गं. कुठला म्हणून सांगू?"

मी खिशातून ठोकळा काढला. टेबलापाशी गेले आणि त्याचं एक टोक दांड्याच्या कापलेल्या टोकाला लावलं. लाकडाच्या रेषेला रेष जुळली. अंगठ्याने झिजलेला खळगासुद्धा अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

वहिनी खाली बसल्या.

"स्वयंपाकघरात बसून कापला," त्या हळूच म्हणाल्या. "मी म्हटलं, अहो, हातोडी कशाला मोडताय? घरात दुसरं लाकूड नाही का? तर म्हणाले, आता मी कुठे जाणार आहे ठोकायला? आणि हे लाकूड चांगलं वाळलंय, पेटीत आकसायचं नाही." त्यांनी पदराने तोंड झाकलं. "मला तेव्हाच कळलं, हे आता उठत नाहीत."

मी त्यांच्याजवळ बसले. मग मी मुंगीचं सांगितलं. शुक्रवार, प्रबंध, चोरीची तक्रार, सगळं.

वहिनींचा चेहरा पांढरा पडला. "त्या पोरीवर आळ? मला हे माहीतच नव्हतं. देवाशपथ नव्हतं गं." त्या उठल्या, आत गेल्या. बराच वेळ कपाटाचा आवाज येत राहिला.

परत आल्या तेव्हा हातात सरांची डोंगरात न्यायची पिशवी होती, आणि वर एक बंद पाकीट.

५

पाकीट संचालकांच्या नावाचं होतं. वहिनींनी ते माझ्यासमोर फोडलं.

"एकोणिसाव्या पेटीतला तुकडा उलटा आहे. बाण मी जागेवरच उलटा काढला. मुंगीचं म्हणणं बरोबर आहे, समुद्र आटला होता. माझ्या नावावर जे छापलं आहे ते दुरुस्त करावं आणि चूक माझी आहे असं स्पष्ट लिहावं. दगड मी नेला आहे. तो शोधू नये."

खाली सही, आणि दोन महिन्यांपूर्वीची तारीख.

"मी गेल्यावर दुसऱ्या दिवशी पोचतं कर म्हणाले होते," वहिनी म्हणाल्या. "माझ्याने झालं नाही. माणूस गेला. निदान त्याचा समुद्र तरी राहू दे, असं वाटलं. चुकलं माझं."

मी त्यांचा हात धरला. मुंगी सुटली होती. हे पत्र टेबलावर ठेवलं की लंबूची बोलती बंद. मी उठायला हवं होतं, पण पत्रातलं शेवटचं वाक्य मला सोडेना.

चूक कबूल करणारा माणूस पुरावा का लपवेल? तो दगड म्हणजे मुंगीचा सगळ्यात मोठा साक्षीदार. आणि सर काही चुकीची लाज बाळगणारे नव्हते. मग "शोधू नये" का?

मी पिशवी उघडली. आत मऊ फडक्यात गुंडाळलेला दगड आणि एक जुनी वही होती. वहीत, भोक पाडलं त्या दिवसांची पानं, आणि प्रत्येक पानावर तुकड्याचा फोटो चिकटवलेला. कांडी जमिनीतून निघाल्या निघाल्या काढलेला फोटो, चिखलाने माखलेली, भेगाबिगा काही दिसत नाहीत. पण रंगाचा बाण स्पष्ट दिसतो. आणि बाणाच्या टोकापाशी, दगडाच्या कडेला, नखाएवढा टवका उडालेला दिसतो.

मी फडकं सोडलं. दगड खिडकीशी नेला. टवका होता, तसाच, नखाएवढा.

फक्त तो बाणाच्या टोकापाशी नव्हता. बाणाच्या शेपटीपाशी होता.

म्हणजे जागेवर काढलेला बाण बरोबर होता. सर चुकले नव्हते. दगड उलटला तो नंतर, कापताना. खाच चुकीच्या टोकाला पडली, आणि खाच बघून बाण काढला गेला.

खाच उजव्या कडेला होती.

मी दगड पालथा केला. कापलेल्या प्रत्येक दगडाच्या पाठीवर मी बारीक आकड्यांत तारीख घालते. ती होती. मला वाढदिवस लक्षात राहत नाहीत, स्वतःचासुद्धा नाही. पण ही तारीख मी विसरत नाही. सोमवार होता. आदल्या शुक्रवारी माझा मुलगा गेला होता. सहा वर्षांचा. तीन दिवस ताप, आणि संपलं.

सोमवारी मी कामावर आले. घरात त्याचे बूट होते, इथे करवतीचा आवाज होता, आणि त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. सर दगड घेऊन आले. नेहमीसारखं वरच्या टोकावर बोट ठेवून उभे राहिले. म्हणाले, "आज घरी जा. दगड दीड अब्ज वर्षं थांबलाय, आणखी आठवडा थांबेल." मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. म्हटलं, "सर, बोट काढा आणि जा तुम्ही. मला काम करू द्या."

ते गेले. पुढचं मला आठवत नाही. तो दगड कापल्याचंही आठवत नाही.

"वहिनी," मी म्हटलं, "सरांना माहीत होतं?"

वहिनी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "वही बघितली त्या रात्री जेवले नाहीत. मी म्हटलं, अहो, पण पत्रात खोटं कशाला लिहिता? तर म्हणाले, खोटं कसलं? त्या दिवशी बोट मी काढलं."

मग मात्र मला आवरेना. एकतीस वर्षांचं रडू होतं ते. वहिनींनी मला धरून ठेवलं, आणि कोण कोणासाठी रडतंय हे नंतर नंतर कळेनासं झालं.

६

शुक्रवारी सकाळी लंबूच्या टेबलावर मी तीन गोष्टी ठेवल्या: पत्र, वही, दगड. मुंगी माझ्या मागे उभी होती. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

लंबूने पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मग मी त्याला फोटो दाखवला, टवका दाखवला, खाच दाखवली, तारीख दाखवली.

"खाच माझी आहे," मी म्हटलं. "सर चुकले नव्हते. मी चुकले."

मुंगीने मागून माझा दंड धरला. लंबूने उठून दार लावलं.

"बाई, हे कशाला?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "पत्र पुरेसं आहे. सरांनी स्वतः लिहून दिलंय. मुलगी सुटली. तुमची निवृत्ती सहा महिन्यांवर आलीय. चौतीस वर्षांचं नाव आहे तुमचं. हा फोटो वहीत राहू दे. त्यांचीसुद्धा तीच इच्छा होती ना?"

खरं सांगते, क्षणभर मला मोह झाला. या नावापलीकडे माझ्याकडे होतं काय? घर रिकामं. माणसं मला ओळखतात ती एवढ्यावरच, की बाईंच्या हातून चूक होत नाही.

"त्या माणसाने आयुष्यभर एक वाक्य पुराव्याशिवाय लिहिलं नाही," मी म्हटलं. "शेवटी एक लिहिलं, ते माझ्यासाठी. आणि तेच मी छापून येऊ देऊ? दुरुस्ती छापा. बाण बरोबर होता, खाच चुकली, आणि खाच पाडणारीने स्वतः दाखवली, असं लिहा. नाहीतर परीक्षकांना मी सांगते. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे."

लंबूने दगड दोन्ही हातांनी उचलला आणि सावकाश उलटा केला. भेगा आता वर रुंद होत्या, खाली निमुळत्या. पांढरी वाळू वरून पडलेली, अगदी कोणालाही कळेल इतकं स्पष्ट. तो बघत राहिला.

"आटला होता," तो म्हणाला, आणि पोरासारखा रडायला लागला.

मुंगीने पुढे होऊन भेगांच्या वरच्या बाजूला, वाळूवर बसलेल्या काळ्या थरावर नख ठेवलं. "सर, हे बघा. हा परत चिखल आहे. पाणी परत आलंय."

लंबूने डोळे पुसले आणि तिच्याकडे वळला. "मी तुला चोर म्हणालो," तो म्हणाला. "मला माफ कर."

तिने मान हलवली.

७

दुरुस्ती दोन महिन्यांनी छापून आली, मी सांगितलं होतं तशीच. संस्थेत माझ्याशी सगळे जरा जास्तच गोड बोलायला लागले, ते मला अजिबात आवडलं नाही. दगड एकोणिसाव्या पेटीत परत गेला, नव्या बाणासह. ठोकळा मी वहिनींना दिला. त्यांनी हातोडीचं डोकं मुंगीला दिलं आणि नवा दांडा बसवून घ्यायला सांगितलं.

त्यानंतर मी दगड कापायला घेत नव्हते. काहीतरी कारण काढायचे. पातं बोथट आहे, पट्टा सैल आहे. लंबूला ते कळत होतं.

एक दिवस मुंगी आली. काखेत फडक्यात गुंडाळलेली नवी कांडी. "काकू, ही कापून द्या."

"दुसऱ्याकडून घे कापून. माझी चूक छापून आलीय, वाचली नाहीस?"

"वाचली. म्हणूनच तुमच्याकडे आणलीय."

"आगाऊ आहेस," मी म्हटलं. पण एप्रन चढवला. दगड टेबलावर घेतला. त्याच्यावर रंगाचा बाण होता, ताजा, ठसठशीत. तरी माझा हात पुढे जाईना. मुंगी तिथेच उभी राहिली.

"वरचं टोक कुठलं?" मी विचारलं.

"हे."

"बोट ठेव त्याच्यावर."

तिने ठेवलं. मी डाव्या हातात पातं घेतलं.

"आणि हे बघ," मी म्हटलं, "मी जा म्हटलं तरी जायचं नाही. खाच पडेपर्यंत बोट काढायचं नाही. कळलं?"

"नाही काढत, काकू," ती म्हणाली.